पालकवाडीच्या जागेवरचे वर्धा

वर्धा नदी वर्धा शहरातून वाहत नाही. ती जिल्ह्याच्या पश्चिमेच्या सीमेवरून जाते. तिचे पात्र पाहायचे तर पुलगावची वाट धरावी लागते. इंग्रजांनी १८६६ साली नवे जिल्हा ठाणे वसवले, त्याला नदीचे नाव दिले, आणि ज्या वाडीच्या जागेवर ते वसले तिचे नाव मात्र मागे पडले. ती पालकवाडी.

नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला १८६२ मध्ये. पहिले ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याला होते. काळ कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवीने मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या होत्या, हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता, आणि रेल्वे भुसावळहून पुढे सरकत होती. १८६७ साली ती नागपूरला पोहोचली. सरळ रस्त्यांचे वर्धा या धांदलीत उभे राहिले.

म्हणून वर्ध्याचे वय दीडशे वर्षांच्या थोडे पुढे, असे सांगितले जाते. ही मोजणी अपुरी आहे.

गंमत अशी की, जुन्या वस्तीचा माग काढणाऱ्यांपैकी एक जण कापसाच्याच कामावर होता. मध्य प्रांताचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूरजवळ जुनापाणीची शिळावर्तुळे उकरून पाहिली. मोठ्या धोंड्यांची गोल मांडणी आणि आत पुरलेल्या माणसांसोबत ठेवलेली लोखंडी हत्यारे, अशी ही दफने. वर्धा जिल्ह्यात खैरवाड्यालाही अशीच वर्तुळे आहेत. विदर्भातल्या या लोकांचा काळ अडीच हजार वर्षांहून मागे जातो.

पुढचा पुरावा शहरापासून आठ किलोमीटरवर, धाम नदीकाठी पवनारला आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. नगरधनजवळच्या मनसरचे नावही काही अभ्यासक पुढे करतात, तो वाद आहे. पण पवनारच्या मातीत जुनी वस्ती होती, याबद्दल वाद नाही. नागपूर विद्यापीठाने १९६७ साली तिथे उत्खनन केले आहे.

आणि विनोबा. १९३८ साली ते पवनारला राहायला आले. आश्रमाची जमीन खणताना दगडी शिल्पे निघू लागली. त्यातल्या एकात राम आणि भरत एकमेकांना भेटतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी हीच भेट डोळ्यांसमोर आणली होती. सहा वर्षांनी ती दगडात हाती आली. ज्या प्रवरसेनाच्या नावावर माहाराष्ट्री प्राकृतातले ‘सेतुबंध’ हे रामकथेचे काव्य सांगितले जाते, त्याच्याच काळाशी ही शिल्पे जोडली जातात. शिल्प झिजले आहे, तरी भेटीतली ओढ दिसते.

वाकाटकांनंतर अनेक शतकांनी इथे देवगडच्या गोंड राजांचा अंमल आला, मग नागपूरकर भोसल्यांचा. या मुलखात गोंडांची गावे आधीपासून होती. दफ्तरांत मात्र त्यांच्याविषयी राजांपुरतेच लिहिले गेले.

गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये जवळच्या सेगावला राहायला गेले. सेगावची पत्रे शेगावला जात, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झाले. या नावाची कथा वर्ध्यात मुलेही सांगतात. पालकवाडीची कुणी सांगत नाही.

सेवाग्राम पाहायला येणाऱ्यांनी तासभर पवनारसाठीही काढावा. रामभरताचे ते शिल्प आजही आश्रमातच आहे.