तुळईतला सूर्य

आपल्यापैकी कुणाकुणाच्या घरी अजून जुन्या वाड्याची सागाची तुळई असेल. वाडा पाडला, पण ती मोडीत घालवेना. रेडिओकार्बनने तिचे वय कळेल का, असे लोक विचारतात. थेट कळत नाही, आणि याला कारण सूर्य!

अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेतल्या नायट्रोजनपासून कार्बन-14 तयार होतो. झाड तो श्वसनाने नव्हे, तर अन्न करताना हवेतून घेते आणि त्या वर्षीच्या वलयात ठेवते. सूर्य जोरात असला की त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवते आणि कार्बन-14 कमी बनतो. सूर्य मंदावला की वाढतो. वलये ही सूर्याची रोजकीर्दच म्हणा. ज्या वडावरून या नगराला वटपद्रक नाव मिळाले, त्याला मात्र स्पष्ट वार्षिक वलये नसतात. सागाला असतात, ठाण्याच्या सागाच्या वलयांचा पुण्याच्या हवामान-संशोधकांनी अभ्यास केला आहे.

1958 साली डच शास्त्रज्ञ द व्रीस यांनी दाखवले, की सतराव्या शतकाच्या अखेरीस हवेत कार्बन-14 नेहमीपेक्षा जास्त होता. 1976 मध्ये जॉन एडी यांनी त्याची सांगड सूर्यावरच्या डागांशी घातली: 1645 ते 1715 या काळात डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. 1674 चा शिवराज्याभिषेक याच काळातला. दमाजीरावांनी 1734 मध्ये बडोदे घेतले, तेव्हा डाग परतले होते. पण यावरून राज्यांची भविष्ये मांडू नयेत. गुजरात-दख्खनचा 1630-32 चा भीषण दुष्काळ डाग नाहीसे होण्याआधीच पडला होता.

आता तुळईकडे येऊ. सूर्याचे हे चढउतार आणि पुढे जाळलेल्या दगडी कोळशाचा जुना कार्बन यांमुळे 1680, 1780 आणि विसाव्या शतकाच्या आरंभीचे लाकूड रेडिओकार्बनच्या मापात सारखेच वाटू शकते. एका तुकड्यावरून दोन-तीन शतके पुढे येतात! उपाय आहे. एकाच तुळईतली ठरावीक अंतरावरची अनेक वलये मोजायची आणि त्यांचा चढउतार ज्ञात आलेखाशी जुळवायचा. त्यासाठी सालीकडची बाजू शिल्लक हवी, म्हणून सुताराला रंधा मारू देण्याआधी ती पाहून घ्या. आणि तुळई आणखी जुन्या वाड्यातून काढून आणलेली असेल, तर हाती येईल ते झाड तोडल्याचे साल, आपल्या वास्तुशांतीचे नव्हे.