काचीगुडा ते रेसिडेन्सी : किरायाच्या घरांतील मराठी वस्ती

हैदराबादेतील मराठी समाजाचा इतिहास बहुधा संस्थांच्या अंगाने सांगितला जातो. शाळा कोणी काढली, वाचनालयाचा पाया कोणी घातला, संमेलन कोणत्या साली भरले, याच्या नोंदी स्मरणिकांतून व अहवालांतून विपुल सापडतात. मात्र या शाळांत शिकविणारे, वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्र चाळणारे आणि संमेलनाच्या मांडवात सतरंज्या अंथरणारे लोक राहत कोठे होते, व त्या घराचा किराया आपल्या पगारातून कसा भागवीत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक या साऱ्या संस्था एका लहानशा टापूत, काचीगुडा स्टेशन आणि जुनी रेसिडेन्सी यांच्यामध्ये, का एकवटल्या याचे उत्तर बरेचसे या प्रश्नात दडलेले आहे.

मुशी नदीच्या दक्षिणेला चारमिनारभोवतीचे जुने तटबंदीचे शहर. दरबार, देवड्या, मोठे बाजार हे सर्व तेथे. नदीच्या उत्तरेस चादरघाटापलीकडे १८०३ ते १८०६ च्या सुमारास कर्कपॅट्रिकने रेसिडेन्सीची भव्य वास्तू उभारली आणि तिच्याभोवती बाजार वसला. या रेसिडेन्सी बाजारावर अंमल निजामाचा नसून ब्रिटिश रेसिडेंटाचा होता. सावकार, व्यापारी आणि पुढे वकील व छापखानेवाले यांना या सीमेचे महत्त्व चांगले ठाऊक होते. एक गल्ली ओलांडली की कायदा बदले, नाणे बदले व पोलिसही बदले. १९३३ मध्ये हा भाग निजाम सरकारकडे परत आला आणि सुलतान बाजार या नावाने ओळखला जाऊ लागला. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘कोठी’ हेच नाव आहे.

या बाजाराच्या पूर्वेस, अर्ध्या तासाच्या चालीवर, काचीगुडा. भाजीपाला पिकविणाऱ्या काछी कुटुंबांवरून हे नाव पडले असे सांगतात. शहराच्या कडेचे हे खेडेवजा ठिकाण रेल्वेने बदलून टाकले. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मराठवाडा कापीत येणारा गोदावरी खोऱ्याचा मीटर गेज मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला आणि मराठी जिल्हे राजधानीशी प्रथमच थेट जोडले गेले. १९१६ मध्ये काचीगुड्याची घुमटांची स्टेशन-इमारत उभी राहिली. या स्टेशनामुळे मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हैदराबादचे पहिले दर्शन चारमिनारचे न होता काचीगुड्याच्या फलाटाचे होऊ लागले. वळकटी खांद्यावर घेऊन तो उतरे आणि टांग्याचे पैसे वाचवायचे असल्याने पायी जाता येईल अशाच ठिकाणी खोली शोधी. कुतबीगुडा, लिंगमपल्ली, इसामिया बाजार, बडी चावडी, हनुमान टेकडी, गौळीगुडा, जांबाग ही सारी नावे याच पायवाटेवरची. यांतली ‘टेकडी’ आणि ‘चावडी’ कानाला किती ओळखीची वाटतात, हे सांगावयास नको.

या पायवाटेच्या दुसऱ्या टोकाला संस्था होत्या. सुलतान बाजारातील आर्यसमाज १८९२ चा. विवेकवर्धिनी शाळा १९०७ ची. तिच्यामागे केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारखी वकील मंडळी होती. तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालयही १९०१ मध्ये याच परिसरात निघाले, यात योगायोग मुळीच नाही. संस्थानात उर्दूखेरीज अन्य भाषांतील सार्वजनिक कार्याकडे सरकार संशयाने पाही. सभा भरविण्यास परवानगी लागावी असा ‘गस्ती निशाण ५३’चा हुकूम पुढे कुप्रसिद्धच झाला. रेसिडेन्सीच्या हद्दीत त्या मानाने श्वास घेता येई. लक्ष्मणराव फाटक यांचे ‘निजाम विजय’ १९२० मध्ये हैदराबादेतून निघू लागले आणि १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन या नगरीत भरले, तेव्हा या वस्तीचा जम बसला होता.

या वस्तीच्या घडणीत १९०८ च्या महापुराचाही वाटा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीने दोन्ही तीरांवर जो हाहाकार उडविला त्यात सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानले जाते. नदीकाठची दाट वस्ती वाहून गेली. पाठोपाठ प्लेग आला, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा आला. १९११ च्या खानेसुमारीत पाच लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या १९२१ मध्ये चार लाखांच्या आसपास उतरली. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्डाने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले व सामान्यांसाठी घरेही बांधली. विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानुसार पूरनियंत्रणासाठी धरणे झाली. त्यांपैकी १९२० मध्ये पूर्ण झालेल्या उस्मानसागराचे पाणी नळाने शहरात आले, हे किरायेदाराच्या दृष्टीने राजकारणापेक्षाही मोठे होते.

घरे कशी होती? ऐपतदार माणूस १९३० नंतर बंजारा टेकड्यांकडे किंवा हिमायतनगरकडे बंगला बांधण्याचे मनोराज्य करी. कारकून, शिक्षक, नवशिका वकील यांना ते शक्य नव्हते. त्यांच्यासाठी होते जुने वाडे : मध्ये चौक, भोवती ओसरी, खाली शहाबादी फरशी, वर कवेलू, चौकात एक नळ किंवा विहीर. रस्त्याच्या बाजूला मलग्या. ‘मलगी’ म्हणजे दुकानाचा गाळा. पुण्याच्या पाहुण्याला हा शब्द ऐकून हमखास हसू येई. मालक बहुधा मागच्या चौकात राही, किंवा मुळीच राहत नसे. मधल्या खोल्या एकेका कुटुंबाला दिलेल्या असत. एका खोलीत संसार, ओसरीच्या कोपऱ्यात चूल, आणि गावाकडून शिकायला आलेला भाचा किंवा पुतण्या रात्री त्याच ओसरीवर झोपे. ही भाच्या-पुतण्यांची सोय ज्या घरात झाली नसती, त्या घरातून मराठवाड्याच्या एका पिढीचे उच्च शिक्षणही झाले नसते. निजाम कॉलेज १८८७ चे, उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. मराठवाड्यात मात्र पदवीपर्यंत शिकण्याची सोय कित्येक वर्षे नव्हती. नरहर कुरुंदकरांचे महाविद्यालयीन शिक्षणही हैदराबादच्या सिटी कॉलेजात झाले.

किराया ठरविण्यात गंमत होती. पहिला प्रश्न असे, हाली की कलदार? संस्थानचे नाणे हाली सिक्का, ब्रिटिश मुलखाचे कलदार; सात हाली म्हणजे सहा कलदार असे प्रमाण. सात रुपये किरायाची खोली बोलण्यात कलदार ठरली की किरायेदाराचा रुपयाहून अधिक तोटा होई, आणि महिना पन्नास रुपयांच्या आतबाहेर कमावणाऱ्याला तो रुपया जाणवे. दुसरा प्रश्न महिन्याचा. सरकारी पगार फसली सनाच्या आजूर, दै, बहमन या महिन्यांवर होई, वाड्याचा मालक मात्र कधी इंग्रजी महिना धरी, कधी चांद्रमास. किरायानामा उर्दूत. वकिलाकडे उर्दू असे, शिक्षकाकडेही बहुधा असे. पण गावाहून आलेल्या शिंप्या-सोनाराला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. ‘भाडे’ हा शब्द हैदराबादी मराठीत टांग्यापुरता उरला आणि घराला ‘किराया’ चिकटला, तो याच कागदांमुळे असावा.

या जीवनाच्या आठवणी आता मोठ्या गोडीने सांगितल्या जातात. चौकातले गणपती, एकमेकींच्या चुलीवर उतू जाणारे दूध, एका वर्तमानपत्राचे दहा वाचक. हे सारे खरे. तरी एक गोष्ट या आठवणींतून गळते. खोली विचारावयास गेलेल्या माणसाला गाव विचारले जाई आणि गावानंतर आडनाव; आडनावावरून दार उघडे किंवा बंद होई. ज्या इसामिया बाजारात मराठी पांढरपेशांची बिऱ्हाडे होती, तेथेच भाग्यरेड्डी वर्मा यांनी १९१० मध्ये दलित मुलांसाठी शाळा काढली होती, कारण दुसऱ्या शाळांत त्या मुलांना जागा नव्हती. किरायाच्या घरांचा इतिहास लिहिताना परवडणे हा शब्द केवळ पैशाने मोजता येत नाही.

१९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने २७ मोटारबसेस सुरू केल्या आणि गौळीगुड्याच्या त्या विख्यात पत्र्याच्या छपराखाली बसस्थानक आले. वस्तीच्या एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला बस. महायुद्धाच्या काळात शहर फुगले. १९४१ मध्ये लोकसंख्या सात लाखांवर होती, १९५१ मध्ये ती दहा लाखांच्या पुढे गेली. खोल्यांची टंचाई झाली, किराये चढले, घर खाली करा असे निरोप येऊ लागले. तेव्हा सरकारने १३५३ फसलीत, म्हणजे १९४३-४४ मध्ये, घरकिराया नियंत्रणाचा हुकूम काढला. पोलीस कारवाईनंतर, १९५४ मध्ये, त्याची जागा हैदराबाद हाउसेस (रेंट, एव्हिक्शन अँड लीज) कंट्रोल अॅक्टने घेतली. कारकुनाच्या घरात या कायद्याने आलेला निर्धास्तपणा केवढा होता, हे त्यापूर्वीची दोन वर्षे ज्यांनी काढली त्यांनाच कळले असेल.

आणि याच वेळी, जेव्हा खोली हातची जाण्याचे भय संपले, तेव्हा माणसेच निघून गेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. मराठी सरकारी नोकरांपैकी अनेकांची वाटणी नव्या राज्याकडे झाली. मुलांची शाळा अर्ध्यावर सोडून, ओसरीवरचे सामान बैलगाडीत भरून बिऱ्हाडे काचीगुडा स्टेशनाकडे निघाली. पूर्वज ज्या गाडीने आले त्याच मीटर गेजच्या गाडीने. विद्यार्थ्यांचा ओघ त्याआधीच आटू लागला होता. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय व नांदेडात पीपल्स कॉलेज निघाले, आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठच स्थापन झाले. भाचा-पुतण्याने आता हैदराबादची ओसरी का शोधावी? मराठवाड्याच्या दृष्टीने ही इष्ट घटना होती, याविषयी दुमत नसावे. सुलतान बाजारातील मराठी वर्गांना आणि वाचनालयांना मात्र तिची किंमत मोजावी लागली.

येथे किरायाच्या घराचा दुसरा गुण दिसून येतो. स्वतःचे घर असते तर ते विकण्यास, गिऱ्हाईक पाहण्यास, भावाभावांत ठरविण्यास वर्षे गेली असती, आणि कदाचित निम्मी कुटुंबे राहिलीही असती. किल्ली मालकाच्या हाती देणे एका सकाळचे काम होते. तीन पिढ्यांत जमलेली वस्ती दोन-तीन वर्षांत विरळ झाली. ज्यांनी जमीन घेतली होती किंवा व्यापार मांडला होता ते, आणि आंध्र प्रदेशाच्या नोकरीत राहिलेले, एवढेच मागे उरले.

मागे उरलेल्या किरायेदाराला १९६० च्या आंध्र प्रदेश बिल्डिंग्ज (लीज, रेंट अँड एव्हिक्शन) कंट्रोल अॅक्टचे संरक्षण मिळाले. वाजवी किराया ठरविताना ५ एप्रिल १९४४ पूर्वीच्या बारा महिन्यांतील दर विचारात घ्यावेत, असे त्यात होते. नाणे बदलले, हाली इतिहासजमा झाली, सोन्याचा भाव कित्येक पटींनी वाढला. किरायाचा आधार मात्र १९४४ चाच. उलट २६ ऑगस्ट १९५७ नंतर बांधलेल्या इमारतींना कायदा लागूच नव्हता. त्यामुळे त्याच रस्त्यावर समोरासमोर दोन जगे उभी राहिली : नव्या इमारतीत मालक सांगेल तो किराया, जुन्या वाड्यात नाममात्र रक्कम. १९८३ मध्ये मोटर जनरल ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कायमची सूट रद्द केली. लगेच सरकारने महिना हजार रुपयांहून अधिक किरायाच्या आणि दहा वर्षांच्या आतील इमारतींना पुन्हा सूट दिली. जुन्या वाड्यांची स्थिती या सर्वांनी बदलली नाही. किराया येत नाही म्हणून मालक कवेलू बदलीत नसे, कवेलू गळते म्हणून किरायेदार किराया वाढवून देत नसे. पावसाळ्यात पुस्तकांची पेटी या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरके. यात मालकाला खलनायक ठरविणे सोपे आहे. पण त्याच्याही घरात चार वारस आणि एकच वाडा असे.

१९८० नंतर वारसांनी वाटण्या केल्या, वाडे पाडून सदनिकांच्या इमारती उठविल्या. सुलतान बाजारात मेट्रो रेल्वेचा उन्नत मार्ग नेण्यास दुकानदारांनी दीर्घकाळ विरोध केला. अखेर ७ फेब्रुवारी २०२० रोजी तो मार्ग सुरू झाला आणि बाजाराच्या डोक्यावरून गाडी धावू लागली. गौळीगुड्याचे छप्पर ५ जुलै २०१८ रोजी कोसळले. बसस्थानक तेथून पूर्वीच हलले होते. काचीगुडा स्टेशनाचे घुमट उभे आहेत आणि मराठवाड्याकडे आजही तेथून गाड्या सुटतात, आता ब्रॉड गेजच्या. त्यांतून उतरणारा नांदेड-परभणीचा तरुण माधापूर किंवा कुकटपल्लीकडे जातो, तेथे चौघांत मिळून सदनिका घेतो, आणि मालकाशी बोलताना ‘किराया’ हाच शब्द वापरतो.