झाडाच्या खोडाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो: फोनने टेक्स्चर नीट कसं पकडायचं?

फोटो काढला, ‘मोनो’ फिल्टर टाकला, झालं ब्लॅक अँड व्हाइट! पोर्ट्रेटला हे बऱ्याचदा चालून जातं. झाडाच्या खोडाचं मात्र तसं नाही. तपकिरी साल, हिरवं शेवाळ आणि मागची पानं, सगळं एकाच राखाडी छटेत मिसळून जातं. असं का होतं ते आधी बघू.

फोनच्या सेन्सरला मुळात रंग कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. म्हणून त्याच्या पिक्सेल्सवर लाल, हिरवे आणि निळे बारीक फिल्टर बसवलेले असतात. बहुतेक सेन्सर्समध्ये निम्मे हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. त्यातून आधी रंगीत फोटो बनतो आणि मग त्याचा ब्लॅक अँड व्हाइट होताना तिन्ही रंग ठरावीक प्रमाणात मिसळले जातात. एक नेहमीचं प्रमाण आहे हिरवा ५९ टक्के, लाल ३० आणि निळा ११. हुआवेने २०१६ मध्ये पी९ या फोनमध्ये रंगाचे फिल्टर नसलेला स्वतंत्र मोनोक्रोम सेन्सर दिला होता, पण तुमच्या-माझ्या फोनमध्ये सहसा हे मिश्रणच असतं.

आणि ते बदलता येतं. स्नॅपसीडच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टूलमध्ये रंगाचा फिल्टर निवडायची सोय आहे. लाल निवडला की तपकिरी साल उजळते आणि पानं गडद होतात. हिरवा निवडला की याच्या उलट. लाइटरूममध्ये तर प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर मिळतो. सालीसाठी मी आधी नारिंगी किंवा लाल लावून बघेन. शेवाळ किंवा दगडफूल (हो, मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद!) हा विषय असेल तर हिरवा.

पण एडिटिंग नंतरचं. टेक्स्चर दिसतं ते सावलीमुळे. उभ्या भेगांना बाजूने येणारं ऊन हवं, म्हणजे सकाळचं किंवा संध्याकाळचं. खोडाला एक चक्कर मारा. जिथे ऊन संपून सावली सुरू होते, त्या पट्ट्यात सालीची प्रत्येक घडी उठून दिसते. दुपारचं ऊन सरसकट वाईट नसतं. ते वरून घसरत आलं तर आडव्या वळ्या छान दाखवतं, फक्त पानांमधून पडणारे कवडसे टाळा. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. तो समोरून पडतो आणि सगळ्या सावल्या पुसून टाकतो.

आता फोनच्या ‘मदती’बद्दल. एचडीआर सावल्या उजळवतो, म्हणजे नेमकं आपल्याला हवं तेच सपाट करतो. बंद करता येत असेल तर करा. कमी उजेडात नॉइज घालवण्याच्या नादात फोन सालीचे बारीक तपशील पुसतो आणि वर शार्पनिंग करून खोट्या कडा काढतो. झूम करून बघितलं तर साल वॉटरकलरसारखी दिसते. ते टेक्स्चर झाडाचं नाही, सॉफ्टवेअरचं! म्हणून भरपूर उजेड, एक्स्पोजर थोडं कमी आणि शक्य असल्यास रॉ फॉरमॅट. जेपीईजीमध्ये राखाडीच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये त्याहून बऱ्याच जास्त. स्वस्त फोनमधला २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा विसरा. मुख्य कॅमेऱ्यानेच थोडं लांबून काढा आणि क्रॉप करा.

मग बघायचं काय? खोड आतून जाड होत जातं. बाहेरची मेलेली साल ताणली जात नाही, म्हणून ती फाटते किंवा सुटते. कशी, ते प्रत्येक झाडाचं वेगळं. ऐनाची साल चौकोनी तुकड्यांत तडकते, थेट मगरीची पाठ. अर्जुनाच्या सालीचे पापुद्रे सुटतात आणि आतलं गुळगुळीत, फिकट खोड दिसतं. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, ते तिरप्या उन्हात लांब सावल्या टाकतात. कांडोळ तर इतका पांढरट की एक्स्पोजर कमी केलं नाही तर सगळं जळून जाईल.

शहरातल्या झाडांवर आणखी एक गोष्ट वाचता येते. झाड उंच वाढतं ते शेंड्यांकडून, त्यामुळे खोडात ठोकलेला खिळा वर्षानुवर्षं त्याच उंचीवर राहतो आणि साल हळूहळू त्याला गिळते. क्लासच्या पाट्यांचे खिळे, लायटिंगची तार, कोरलेली नावं, सगळ्यांभोवती फुगीर ओठासारखी कड तयार होते. रंगीत फोटोत नजर पाटीच्या लाल-पिवळ्या रंगावर जाते. रंग काढला की ती कड आणि तिच्यात रुतलेली तार आधी दिसते. रस्ता रुंदीकरणासाठी खुणा केलेली जुनी झाडं तुमच्या भागात असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. एक फोटो पूर्ण खोडाचा, एक जवळून, आणि लोकेशन टॅग चालू ठेवून. रंगीत मूळ फाइल डिलीट करू नका, कारण एकदा सेव्ह केलेल्या ब्लॅक अँड व्हाइटमधून लाल-हिरव्याचं मिश्रण पुन्हा बदलता येत नाही.