प्रक्रिया स्वयंचलनातील अंशकालीन पदव्युत्तर शिक्षण

प्रक्रिया स्वयंचलनातील अंशकालीन पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नोकरीत असलेल्या अभियंत्यांनी नोकरी न सोडता इन्स्ट्रुमेंटेशन, नियंत्रण व स्वयंचलन या विषयांत घेतलेले पदवीनंतरचे शिक्षण होय. साखर, रसायने, औषधे, वीजनिर्मिती इत्यादी उद्योगांत तापमान, दाब, प्रवाह व पातळी यांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रणा सांभाळणारे अभियंते हा त्याचा प्रमुख विद्यार्थिवर्ग आहे.

स्वरूप

पूर्णवेळ एम.टेक. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. अंशकालीन अभ्यासक्रमास साधारणपणे तीन वर्षे लागतात. वर्ग सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी भरतात. गेट परीक्षेद्वारे प्रवेश घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. अंशकालीन विद्यार्थ्यांना ते मिळत नाही, मात्र त्यांचे वेतन चालू राहते. पिलानी येथील बिट्स या संस्थेने १९७९ पासून नोकरदारांसाठी कामाशी संलग्न अभ्यासक्रम चालविले आहेत.

अभ्यासविषय

पीआयडी नियंत्रण, पीएलसी, वितरित नियंत्रण प्रणाली, स्काडा, प्रणालींचे गणिती प्रतिमान आणि औद्योगिक सुरक्षा हे मुख्य विषय होत. साखर कारखान्यात त्यांची उदाहरणे जागोजागी आढळतात. बाष्पकाच्या ड्रममधील पाण्याची पातळी राखताना केवळ पातळी मोजणे पुरत नाही. वाफेचा व पाण्याचा प्रवाहही मोजावा लागतो. उसाच्या रसात चुना व गंधकाचा वायू मिसळून सामू सुमारे ७ वर आणला जातो. मिश्रणाचा परिणाम उशिरा दिसतो आणि ७ च्या आसपास चुन्याच्या अल्प फरकानेही सामू बराच बदलतो. त्यामुळे हे नियंत्रण अवघड ठरते. असा प्रत्यक्ष कामातील प्रश्न प्रबंधासाठी घेता येणे हा अंशकालीन विद्यार्थ्याचा विशेष लाभ होय.

मुरुम परिसर

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम येथे श्री विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. या भागात गाळप हंगाम सर्वसाधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो व उसाच्या उपलब्धतेनुसार मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. हंगामात कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात आणि विद्यापीठीय सत्रांचा मोठा भाग नेमका याच काळात येतो. हंगामाबाहेर दुरुस्तीची कामे असली, तरी अभ्यासास सवड तुलनेने अधिक मिळते. मराठवाड्यात नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९८१) इन्स्ट्रुमेंटेशन विभाग आहे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) साखर उद्योगासाठी प्रशिक्षण व संशोधन करते. तथापि मुरुमहून यांपैकी कोणत्याही ठिकाणी सायंकाळच्या वर्गासाठी रोज ये-जा करणे शक्य नाही.

मान्यता

३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांविषयी निर्णय दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षेची संधी देण्यात आली; त्यानंतरच्या सत्रांतील पदव्या रद्द ठरल्या. त्या पदव्यांच्या आधारे मिळालेली बढतीही त्यामुळे धोक्यात आली. परिषदेने २०२३ मध्ये कार्यरत व्यावसायिकांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत किमान एक वर्षाचा अनुभव आणि कामाचे ठिकाण संस्थेपासून ठरावीक अंतरात असणे या अटी आहेत. अंतराच्या अटीमुळे शहरांपासून दूर असलेल्या कारखान्यांतील अभियंत्यांना ही सोय सहजी उपलब्ध होत नाही.