तळ्याकांठचीं सुखें

सुखें दोन प्रकारचीं असतात. कांहींस पैसा मोजावा लागतो. कांहीं उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलें कीं मिळतात. तळ्याकांठच्या लहान गांवीं हीं दुसऱ्या प्रकारचीं सुखें विपुल असतात, आणि विपुल असल्यामुळेंच त्यांचें मोल कोणी विचारीत नाहीं. महाबळेश्वरीं वेण्णा तळ्याच्या कांठीं सायंकाळ घालविणाऱ्या आपल्यापैकीं कितीजणांच्या मनांत येतें कीं, हें तळें १८४२ सालीं सातारच्या छत्रपतींनीं मुद्दाम बांधविलेलें आहे? त्याच सुमारास हिमालयांत, कुमाऊं प्रांतीं, दुसऱ्या एका तळ्याकांठीं गांव वसूं लागलें होतें. तें तळें कोणी बांधलेलें नव्हे. तथापि त्याच्या कांठच्या सुखांस पडलेली किंमत फार मोठी आहे. तें गांव म्हणजे नैनीताल.

समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, डोंगरांच्या कुशींत हें तळें पसरलें आहे. लांबी सुमारें दीड किलोमीटर, रुंदी अर्ध्या किलोमीटरच्या आंत. वरच्या टोकास मल्लीताल, खालच्या टोकास तल्लीताल, आणि दोहोंस जोडणारा मॉलचा रस्ता. येथील माणसाचीं सुखें साधीं आहेत. सकाळीं तळ्यास एक फेरी घालावी. दुपारीं वल्हें मारीत होडी मध्यावर न्यावी व स्वस्थ बसावें. उन्हाळ्यांत टोपलींतून विकावयास येणारीं लालबुंद काफळें मीठ लावून खावीं. पावसांत निखाऱ्यावर भाजलेलें कणीस हातांत घेऊन धुकें पाण्यावर कसें उतरतें तें पाहावें. सायंकाळीं मल्लीतालच्या मैदानावर मुलें खेळत असतात व वृद्ध मंडळी कडेला बसून पाहत असतात. भाद्रपदांत नंदादेवीची जत्रा भरते आणि केळीच्या खांबांपासून घडविलेल्या देवीच्या मूर्तींचें तळ्यांत विसर्जन होतें.

स्थान प्राचीन व पूज्य होतें. स्कंदपुराणाच्या मानसखंडांत अत्रि, पुलस्त्य व पुलह या तीन ऋषींच्या नांवानें याचा निर्देश आहे. डोंगरांतील लोक देवीच्या दर्शनास येत. शहाजहानपूरचा साखरेचा इंग्रज व्यापारी बॅरन १८४१ सालीं येथें पोहोंचला व त्यानें वृत्तपत्रांतून या तळ्याची वाखाणणी केली. पुढच्याच वर्षीं तो डोंगर चढवून एक होडी घेऊन आला. या जागेवर नरसिंह नांवाच्या स्थानिक जमीनदाराचा हक्क होता. बॅरननें त्यास होडींत बसवून तळ्याच्या मध्यावर नेलें, बुडविण्याचा धाक घातला व हक्क सोडल्याचें लिहून घेतलें. ही हकीकत बॅरननेंच मोठ्या विनोदानें नमूद करून ठेविली आहे. त्या तळ्यावरील पहिला नौकाविहार हा असा होता!

वसाहत झपाट्यानें वाढली. झाडें तुटलीं, उतार खणले गेले, बंगले उभे राहिले. उत्तरेकडील शेर-का-डांडा हा डोंगर ठिसूळ. १८६६ सालीं तेथें दरड कोसळून पहिली सूचना मिळाली होती. १८८० च्या सप्टेंबरांत १६ तारखेस लागलेला पाऊस दोन दिवस थांबलाच नाहीं. १८ तारखेस, शनिवारीं सकाळीं, व्हिक्टोरिया हॉटेलाच्या मागील भाग खचून कांहीं माणसें गाडलीं गेलीं. त्यांस काढण्याकरितां अधिकारी, शिपाई व मजूर धांवले. तीं माणसें माती उपसत असतांनाच दुपारीं डोंगराचा प्रचंड कडा सुटला. कांहीं क्षणांत हॉटेल, देवीचें देऊळ व सभागृह यांचा मागमूस उरला नाहीं. मृत्यु १५१, त्यांत १०८ हिंदी व ४३ युरोपियन. मेलेल्यांपैकीं अनेक दुसऱ्यास वांचवावयास गेलेले होते, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

डोंगराची ती माती खालीं येऊन तळ्याच्या माथ्यावर पसरली, आणि तिच्यामुळें पूर्वींचें लहान मैदान विस्तारलें. आज ज्यावर मुलें चेंडू खेळतात तें मैदान हेंच. देऊळ पुनः बांधलें गेलें. सरकारनें डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचें जाळें उभारलें, कीं पावसाचें पाणी जमिनींत न मुरतां थेट तळ्यांत उतरावें. गांवकरी या नाल्यांस गांवाच्या धमन्या म्हणतात तें यथार्थ आहे.

सुखांची वांटणी मात्र सारखी नव्हती. मॉलच्या वरच्या रस्त्यावर हिंदी माणसास फिरण्याची मनाई असे. जो रस्ता त्यानें खणला तोच त्यास वर्ज्य. दुर्घटनेच्या वेळीं येथील पोस्टमास्तरचा पांच वर्षांचा एक मुलगा गांवांत वाढत होता. पुढें शिकारी व लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेला जिम कॉर्बेट तो हाच. नगरपालिकेचा सभासद म्हणूनही त्यानें या गांवाची सेवा केली. १९४७ सालीं तो केनियास निघून गेला, आणि वरचा रस्ता सर्वांचा झाला.

इतिहास येथेंच संपत नाहीं. २०१८ च्या ऑगस्टांत मॉलच्या खालच्या रस्त्याचा एक तुकडा खचून तळ्यांत गेला. गांवाच्या वर सूखाताल नांवाचा खोलगट भाग आहे. पावसाळ्यांत तेथें सांठलेलें पाणी जमिनीखालून तळ्यास मिळतें. त्या खळग्यांत घरें उठलीं व भर पडली. आणि ज्या तळ्याचें पाणी सारें गांव पितें, त्याच्या तळाशीं उन्हाळ्यांत कोरडी माती दिसूं लागली.

तात्पर्य इतकेंच कीं, फुकट मिळणारें सुख कोणीतरी जपलेलें असतें. तळ्याकांठीं कणीस खात उभा असलेला मनुष्य ज्या रस्त्यावर उभा असतो, त्याच्या खालून एक नाला वाहत असतो. तो पावसाळ्यापूर्वीं साफ झाला आहे कीं नाहीं, हें कोणीं तरी पाहावें लागतें. तें ज्या वर्षीं कोणीच पाहणार नाहीं, त्या वर्षींची फेरी शेवटची ठरावयाची.