चिंता आणि तिचा लगाम

जालना जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गोदावरीच्या खोऱ्यात, घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे गाव आहे. आज त्यास जांबसमर्थ म्हणतात. शके १५३० च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, या गावी सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी नारायण नावाचा मुलगा जन्मास आला. पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्राने ज्यांस वंदन केले, ते हेच. त्यांच्या बाळपणाची एक कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एके दिवशी मुलगा दिसेना, म्हणून राणूबाईंनी घर धुंडाळले, तो एका अंधाऱ्या जागी नारायण एकटाच बसलेला. काय करतोस, असे आईने विचारले असता, आपण साऱ्या जगाची चिंता करीत आहो, असे त्याने उत्तर दिले.

ही कथा बहुधा कौतुकाने सांगितली जाते, आणि ऐकणाराही कौतुकाने हसतो. परंतु तिच्यातील मूळ चित्र क्षणभर निराळ्या दृष्टीने पाहावे. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला एक मुलगा, अंधार, एकांत, आणि स्वतःच्या आवाक्याबाहेरची काळजी. आज एखाद्या घरात असे मूल आढळले, तर सुज्ञ मातापिता हसणार नाहीत. म्हणून जांबच्या या मुलाची पुढील हकीकत एका विशेष दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एवढी मोठी चिंता वाहणारे मन मोडून न पडता ७३ वर्षे कार्यक्षम राहिले, ते कशाच्या बळावर?

त्या काळी चिंतेस कारणे कमी नव्हती. हा मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत मोडत असे, आणि मोगलांच्या स्वाऱ्यांनी ती पातशाही खिळखिळी होत चालली होती. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो दुष्काळ कोसळला, त्याने गावेच्या गावे ओस पडली. १६३६ मध्ये निजामशाहीच बुडाली. अस्मानी आणि सुलतानी या दोन्ही संकटांचे वर्णन रामदासांच्या काव्यात येते, ते या अनुभवातूनच. तेव्हा ‘चिंता करू नकोस’ हा उपदेश त्यांना कोणी केला असता, तर तो फोल ठरला असता. चिंता खोटी नव्हती. प्रश्न होता तो तिला आवरण्याचा.

बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला नारायण नाशिकजवळील टाकळी येथे आला, आणि १६२० ते १६३२ अशी १२ वर्षे तेथे राहिला. तेथील दिनक्रमाचे परंपरेने केलेले वर्णन प्रसिद्धच आहे. पहाटे उठणे, नदीच्या पाण्यात उभे राहून जप, सूर्यनमस्कार, दुपारी माधुकरी, नंतर ग्रंथांचे वाचन आणि लेखन. भाविक या साऱ्याकडे तपश्चर्या म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शरीरशास्त्राच्या अभ्यासकास या यादीत आणखी काही दिसते. ठरलेल्या वेळी झोपणे व उठणे, लांब व संथ श्वास, अंगमेहनत, आणि बेताचे अन्न. उद्विग्न मनाच्या माणसास आजचा वैद्य याच गोष्टी प्रथम सांगतो.

असे का व्हावे, याचा उलगडा होण्यास तीनशे वर्षे जावी लागली, आणि त्याचा आरंभ बेडकाच्या हृदयापासून झाला. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने दोन बेडकांची धडधडणारी हृदये निरनिराळ्या पात्रांत ठेविली. मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची एक मज्जा आहे. पहिल्या हृदयाच्या या मज्जेस विजेने चेतविताच त्याची गती मंदावली. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर घातला, तो मज्जेस स्पर्शही न करता दुसरे हृदयही मंदावले. मज्जा आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या द्वारे पोचवितात, हे त्यामुळे सिद्ध झाले. या शोधाबद्दल लोवी यास हेन्री डेल यांच्यासह १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मनाची शांतता हा केवळ वेदान्ताचा विषय न राहता रसायनशास्त्राचाही विषय झाला, तो येथून.

मेंदूतील शामक द्रव्य सापडले ते १९५० मध्ये. अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्‌स आदी संशोधकांना सस्तन प्राण्यांच्या मेंदूत एक साधे आम्ल मुबलक आढळले. त्याचे नाव गॅमा-अमायनो-ब्युटिरिक आम्ल. शास्त्रज्ञ त्यास ‘गाबा’ असे सुटसुटीत नाव देतात. मेंदूतील पेशींना चेतविण्याचे मुख्य काम ग्लुटामेट नावाचे द्रव्य करते, तर त्यांना आवरण्याचे मुख्य काम गाबा करते. यातील नवलाची गोष्ट ही की, गाबा हे ग्लुटामेटपासूनच तयार होते. ज्या द्रव्याने घोडा उधळतो, त्याच द्रव्यापासून निसर्ग त्याचा लगाम वळतो. उत्तेजन अजिबात नाहीसे झाले, तर माणूस शांत होणार नाही, बेशुद्ध होईल. घोडा मारावयाचा नाही, लगाम बळकट करावयाचा, हेच मेंदूचे धोरण आहे.

आता टाकळीच्या दिनक्रमाकडे पुन्हा वळावे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस मज्जेचा अंमल अधिक चालतो. म्हणून उच्छ्वास जितका दीर्घ, तितका हृदयास विसावा अधिक. २००१ मध्ये इटलीतील लुचानो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर एक मार्मिक प्रयोग केला. त्यांना एकदा लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि एकदा बौद्धांचा संस्कृत मंत्र म्हणावयास लाविले. दोन्ही प्रसंगी श्वासाची गती आपोआप मिनिटास सुमारे ६ वर आली, आणि रक्तदाबाचा तोल सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म निराळे, भाषा निराळी, परंतु पठणाची लय एकच.

या प्रयोगाच्या प्रकाशात ‘मनाचे श्लोक’ या लहानशा रचनेचे स्वरूप नव्याने ध्यानात येते. हे २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. प्रत्येक चरणात १२ अक्षरे, एक लघु आणि दोन गुरू असा चार वेळा येणारा क्रम. दोन चरण एका दमात म्हणणाऱ्याचा उच्छ्वास त्यास कळण्यापूर्वीच लांबतो. शिवाय या श्लोकांत संबोधन आहे ते मनास. म्हणणारा स्वतःच्या मनापासून हातभर अंतरावर उभा राहतो आणि त्याची समजूत घालतो. चिंताग्रस्त माणसाची मोठी अडचण हीच असते की, मनात आलेला प्रत्येक विचार त्यास सत्य वाटतो. मन आणि आपण निराळे, एवढे नित्य उच्चारण्याची सवय जरी जडली, तरी त्या विचारांचा धाक कमी होतो. दिवेलागणीस मुलांकडून हे श्लोक म्हणवून घेणाऱ्या आजीस गाबाचे नाव ठाऊक नव्हते. लगाम मात्र तिच्या हाती होता.

श्वसनाचा हा विषय प्रयोगशाळेत नेण्याचा मानही एका मराठी माणसाकडे जातो. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापिली, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. चमत्काराच्या गोष्टी बाजूस ठेवून आसने व प्राणायाम यांची शास्त्रीय उपकरणांनी मोजमापे घेण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे त्याच सुमारास सूर्यनमस्काराचा प्रसार शाळाशाळांतून करीत होते. २००७ मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी योगाभ्यासी माणसांच्या मेंदूतील गाबाचे प्रमाण चुंबकीय उपकरणाने मोजले, तेव्हा ६० मिनिटांच्या आसनांनंतर ते सरासरीने २७ टक्के वाढलेले आढळले. त्या प्रयोगात योगाभ्यासी अवघे आठ होते, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारणे बरे नव्हे. परंतु २०१६ मध्ये नेटाच्या व्यायामानंतरही मेंदूच्या काही भागांत गाबा वाढल्याचे कॅलिफोर्नियातील संशोधकांना दिसून आले. दोन्ही खुणा एकाच दिशेस बोट दाखवितात.

आहाराविषयी मात्र अधिक सावधपणे बोलावयास हवे. मोड आलेल्या धान्यात गाबा वाढते, हे खरे. परंतु पोटात गेलेले गाबा मेंदूपर्यंत फारसे पोचते, असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. मेंदू आपले गाबा आपणच तयार करितो. त्यासाठी त्यास ‘ब-६’ हे जीवनसत्त्व लागते. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत डब्यातील दूध पिणाऱ्या काही तान्ह्या मुलांना झटके येऊ लागले. त्या दुधातील ब-६ तयार करतेवेळीच नष्ट झाले होते. ते जीवनसत्त्व देताच मुले बरी झाली. हे जीवनसत्त्व हरभऱ्यात विपुल असते, आणि जालन्याच्या काळ्या जमिनीत रब्बीस हरभरा पिकतो. ज्याच्या रोजच्या जेवणात डाळ, भाकरी, भाजी आहे, त्यास शांततेच्या वड्या बाजारातून आणाव्या लागत नाहीत.

‘नैसर्गिक’ या शब्दाने भुलूनही जाऊ नये. सर्पगंधा ही आपल्याकडील जुनी वनस्पती. तिची मुळी उन्मादावर आणि निद्रानाशावर देत असत. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याने क्षुब्ध रोगी शांत झाले. परंतु ते घेणाऱ्यांपैकी काहींना घोर खिन्नतेने ग्रासल्याचेही वैद्यांनी नोंदविले. १९६० नंतर आलेल्या शामक गोळ्या गाबाचाच परिणाम वाढवितात. त्यांचा गुण लवकर येतो, आणि बेसुमार घेतल्यास सवयही लवकर लागते. दारूही याच मार्गाने घटकाभर शांतता देते आणि दुसऱ्या दिवशी व्याजासह वसूल करते. तेव्हा मुळी असो वा गोळी, ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावी. तसेच वैद्याने दिलेली गोळी प्राणायामाच्या भरवशावर अचानक सोडू नये.

हे सारे सांगून झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि ती पुन्हा जांबलाच घेऊन जाते. टाकळीची १२ वर्षे आणि नंतरच्या तीर्थाटनाची १२ वर्षे संपवून रामदास १६४४ च्या सुमारास घरी परतले. परंपरा सांगते की, मुलाच्या वाटेकडे डोळे लावून राणूबाईंची दृष्टी गेली होती. जगाची चिंता वाहणाऱ्या पुत्राने घरात आईसाठी केवढी चिंता मागे ठेविली होती! कथेतील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. परंतु एवढे निःसंशय की, राणूबाईंच्या चिंतेवर श्वास, व्यायाम किंवा आहार हा उपाय नव्हता. दाराशी कोणीतरी येऊन ‘आई’ म्हणून हाक मारावयास हवी होती.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निराळा झाला. त्यापूर्वी १९७२ चा दुष्काळ या भागाने सोसला होता, आणि २०१२-१३ मध्ये येथील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षे जोपासलेले झाड डोळ्यांदेखत सरपण होते, तेव्हा त्या शेतकऱ्यास दीर्घ श्वास घेण्याचा उपदेश एकट्याने करणे ही क्रूर थट्टा होईल. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात आशा कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाची विचारपूस करावी अशी योजना होती. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ या क्रमांकाची विनामूल्य दूरध्वनी सेवाही देशभर सुरू झाली आहे. गाबाचा शोध जितका महत्त्वाचा, तितकीच ही विचारपूस महत्त्वाची.

अंधाऱ्या जागी बसलेल्या नारायणास प्रथम भेटली ती शास्त्रे नव्हेत, नेमही नव्हे. घर धुंडाळीत आलेली आई भेटली, आणि तिने विचारले, ‘काय करतोस?’ कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या त्या कथेत मुलाचे उत्तर सर्वांच्या ध्यानात राहिले आहे. आईचा प्रश्नही तितकाच ध्यानात ठेवण्यासारखा आहे.