हिंगोलीची कथा आणि ‘साभार पोच’

‘साभार पोच’ हे नियतकालिकाच्या अखेरच्या पानावरील सदर वाचक बहुधा न वाचताच उलटतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, एवढाच त्याचा ऐवज. परंतु हिंगोलीसारख्या भागातील कथेचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास या रुक्ष ओळींपासूनच आरंभ करावा लागेल, असे आमचे मत आहे.

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. तत्पूर्वीचे येथील वाङ्मय परभणीच्याच नावे जमा आहे. या जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. असे असूनही आधुनिक मराठी गद्याला येथे उशिरा वाट मिळाली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1943 साली नांदेड येथे मराठवाडा साहित्य परिषद स्थापन झाली, आणि पुढे तिच्या ‘प्रतिष्ठान’ने या भागातील लेखकाला हक्काची पाने दिली. बी. रघुनाथांसारखा कथाकार परभणीत सरकारी नोकरी करता करता लिहीत राहिला आणि 1953 साली, अवघ्या चाळिशीत, गेला. मुंबई-पुण्याच्या समीक्षेने त्यांची दखल पुरेशी घेतली, असे म्हणवत नाही.

दुसरा प्रवाह औरंगाबादच्या नागसेनवनातला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रेरणेने 1950 साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुले शिकू लागली. त्याच परिसरातून 1967 साली ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले. तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. संपादक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते दीर्घकाळ चालविले. प्रस्थापित मासिकांचा दरवाजा ठोठावण्याचे धाडस नसलेल्या तरुणाची पहिली कथा अशा अंकात येई, आणि त्याच्या पुस्तकाची पहिली वार्ताही तेथेच. ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांत लेखक आणि वाचक एकत्र बसत. लहान नियतकालिकालाच शोभणारी ही गोष्ट होय!

आम्हा ख्रिस्ती वाचकांना हे परके वाटू नये. ‘ज्ञानोदय’ 1842 चे, ‘निरोप्या’ 1903 चा. पदराला खार लावून अंक काढण्याची रीत आपल्याही घरची आहे. हिंगोलीचा समावेश असलेले औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली स्थापन झाले. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला, त्याच वस्त्यांतून ‘अस्मितादर्श’चे अनेक लेखक आले. तरीही आपल्या कथेने बोधाचा मोह फार धरला, आणि त्या वस्त्यांतील भूक व अपमान यांची कथा शेजाऱ्यांनी अधिक निर्भयपणे लिहिली. ही उणीव आम्हाला डाचते.

पुढच्या पिढीत वसमत तालुक्यातील रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव कवितेत नावारूपास आले. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहास 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले. 1983 ते 2007 पर्यंत त्यांनी वसईचे ‘सुवार्ता’ मासिक संपादिले होते. पानतावणे 2018 साली गेले, दिब्रिटो 2024 साली.

ग्रंथालये पुस्तके जपतात, त्रैमासिके मात्र रद्दीत जातात. आणि बांधणी करणारा जेव्हा अंक बांधतो, तेव्हा जाहिरातींसोबत ‘साभार पोच’चे पानही पुष्कळदा कापून टाकतो. ज्यांच्या घरी असे जुने अंक असतील, त्यांनी निदान ते पान तरी राहू द्यावे.